तेंदूपानापासून जागतिक व्यापारापर्यंत

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या वनगावाच्या फळीवर सकाळी तोडलेल्या तेंदूपानांचे पुडे मोजले जातात. सत्तर पानांचा एक पुडा आणि एक हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, हा हिशेब येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. हेच पान देशाच्या सीमाशुल्क अनुसूचीत १४०४ ९० १० या क्रमांकाने नोंदलेले आहे. फळीवरील मोजणी आणि अनुसूचीतील हा क्रमांक यांच्यामध्ये मजुरी, स्वामित्वधन, लिलाव, कर, वाहतूक, परदेशातील मागणी आणि तेथील जकात अशा अनेक गोष्टी येतात. या साऱ्यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणारे शास्त्र म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सिद्धांत व धोरण होय.

विद्यापीठीय अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हा विषय महत्त्वाचा मानला जातो. प्राध्यापकपदासाठी घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही त्याला स्वतंत्र स्थान आहे. तथापि, वनप्रदेशातील अनेक विद्यार्थ्यांना तो दूरचा वाटतो. पुस्तकातील उदाहरणे इंग्लंडमधील कापडाची आणि पोर्तुगालमधील मद्याची असतात. बंदर शेकडो मैल दूर असते. वस्तुतः या विषयातील जवळजवळ प्रत्येक प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. धान, बांबू, सागवान, कापूस, कागद, लोहखनिज आणि तेंदूपान या सातही वस्तूंवर जगाच्या बाजाराचा प्रभाव आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि २०११ साली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्यामुळे उच्च शिक्षण येथील विद्यार्थ्यांच्या घराजवळ आले. आता पाठ्यपुस्तकातील विषयही त्यांच्या परिसराजवळ आणणे आवश्यक आहे.

तुलनात्मक लाभाचा अर्थ

या विषयाचा पाया डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली घातला. त्याचा तुलनात्मक परिव्ययाचा सिद्धांत एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल.

समजा, जंगलालगतच्या एका गावात एक माणूस दिवसभरात बांबूच्या ६ टोपल्या विणू शकतो किंवा ३ पायली तांदूळ पिकवू शकतो. सिंचनाची सोय असलेल्या सखल भागातील दुसऱ्या गावात तोच माणूस दिवसभरात ८ टोपल्या किंवा ८ पायली तांदूळ निर्माण करतो. दुसरे गाव दोन्ही कामांत पुढे आहे. मग त्याने पहिल्या गावाशी व्यवहार का करावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर त्यागाच्या हिशेबात आहे. पहिल्या गावाला एक पायली तांदळासाठी दोन टोपल्यांवर पाणी सोडावे लागते, तर दुसऱ्या गावाला केवळ एकाच टोपलीवर. म्हणून पहिल्या गावाने टोपल्या विणाव्यात, दुसऱ्याने तांदूळ पिकवावा आणि देवघेव करावी, हे दोघांच्याही हिताचे ठरते. एका पायलीला दीड टोपली असा दर ठरला, तर पहिल्या गावाला एका दिवसाच्या श्रमात ३ ऐवजी ४ पायली तांदूळ मिळतो. दुसरे गाव अर्ध्या दिवसाच्या श्रमाचा ४ पायली तांदूळ देऊन ४ ऐवजी ६ टोपल्या मिळविते.

येथवरचा भाग बहुतेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. परंतु खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हा दर दीड टोपलीऐवजी १.९ टोपल्या ठरला, तर व्यापार दोघांनाही किफायतशीरच राहतो. मात्र पहिल्या गावाच्या पदरात ४ ऐवजी जेमतेम ३.१६ पायली तांदूळ पडतो. लाभ आहे, पण तो जवळजवळ सर्वच दुसरीकडे गेला. या दरालाच व्यापारशर्ती म्हणतात. परस्परांच्या मागणीवर त्या कशा ठरतात, हे जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये मांडले. व्यापाराने लाभ होतो किंवा नाही एवढ्यावर न थांबता तो कोणाच्या वाट्याला किती येतो हे पाहणे, हाच या विषयाच्या अभ्यासाचा गाभा आहे.

सिद्धांताची पुढील वाटचाल

स्वीडनमधील हेक्शर यांनी १९१९ मध्ये आणि त्यांचे शिष्य ओहलिन यांनी १९३३ मध्ये व्यापाराचे मूळ उत्पादन घटकांच्या उपलब्धतेत शोधले. ज्या देशात जो घटक विपुल, त्या घटकाचा अधिक वापर असलेली वस्तू तो देश निर्यात करील, असे त्यांचे प्रतिपादन होते. लिऑन्टिफ यांनी १९५३ मध्ये अमेरिकेची आकडेवारी तपासली, तेव्हा भांडवलसंपन्न अमेरिकेची निर्यात तिच्या आयातीशी स्पर्धा करणाऱ्या मालापेक्षा अधिक श्रमप्रधान आढळली. सिद्धांताची परीक्षा आकड्यांनीच झाली पाहिजे, हा धडा या प्रसंगाने अर्थशास्त्राला दिला.

स्टॉल्पर व सॅम्युएलसन यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की, जकात वाढली किंवा कमी झाली की एकाच देशातील काही वर्गांचे उत्पन्न वाढते, तर काहींचे घटते. कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात घसरत जातात, असा विचार प्रेबिश व सिंगर यांनी १९५० च्या सुमारास मांडला. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी १९५८ मध्ये त्याही पुढची शक्यता सिद्ध केली. निर्यातीच्या मालाचे उत्पादन वाढले आणि त्यामुळे त्याची किंमत फार कोसळली, तर उत्पादनवाढ होऊनही देश पूर्वीपेक्षा गरीब होऊ शकतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात असे मांडले होते की, इंग्लंडच्या परिस्थितीत जन्मलेले आर्थिक नियम भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात विनिमय दराची चिकित्सा केली. रुपयाचा दर घसरला की निर्यातदाराला नफा होतो. परंतु त्याच वेळी महागाईमुळे श्रमिकाची खरी मजुरी घटते, हे त्यांनी दाखवून दिले. नफा कोठून येतो आणि कोणाच्या खिशातून येतो, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

धान आणि कापूस : धोरणाचे दोन धडे

पूर्व विदर्भ हा धानाचा प्रदेश. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड गावाचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेला एचएमटी हा बारीक तांदूळ दूरवर पोहोचला. अशा तांदळाचा भाव केवळ स्थानिक बाजारात ठरत नाही. भारताने २००७ ते २०११ या काळात बिगरबासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. पुढे २० जुलै २०२३ रोजी पांढऱ्या बिगरबासमती तांदळाची निर्यात पुन्हा बंद करण्यात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क बसविण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठली.

निर्यात बंद झाली की माल देशातच राहतो, भाव आवरतात आणि ग्राहकाला दिलासा मिळतो. उलट उत्पादकाला मात्र चढ्या जागतिक भावाचा लाभ मिळत नाही. जागतिक तांदूळ व्यापारात भारताचा वाटा त्या सुमारास ४० टक्क्यांच्या आसपास होता. त्यामुळे बंदीनंतर जगातील भाव भडकले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचले. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘मोठा देश’ म्हणतात, तो आपल्या निर्णयाने जागतिक किंमत बदलू शकतो. त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. आधारभूत किंमतीने खरेदी केंद्रावर धान विकणारा शेतकरी, खुल्या बाजारात बारीक तांदूळ विकणारा शेतकरी आणि तांदूळ विकत घेऊन खाणारा मजूर या तिघांवर बंदीचा परिणाम सारखा होत नाही. एखाद्या तालुक्यातील अशा तीन प्रकारच्या कुटुंबांचे सर्वेक्षण हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकेल.

वरोरा, राजुरा व कोरपना या भागांतील कापसाची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. तेथे प्रश्न आयातीचा आहे. कच्च्या कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून ११ टक्के आयात शुल्क लागू झाले. वस्त्रोद्योगाच्या सोयीसाठी ते २०२२ मध्ये काही महिने आणि पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षअखेरपर्यंत माफ करण्यात आले. गिरणीला स्वस्त कापूस हवा असतो आणि शेतकऱ्याला चढा भाव. दोन्ही मागण्या न्याय्य वाटल्या तरी एकच शुल्क दोन्ही पूर्ण करू शकत नाही. धोरण म्हणजे अशा परस्परविरोधी हितसंबंधांमधील निवड असते आणि तिची किंमत कोण देतो हे मोजणे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

बांबू, कागद आणि सागवान

बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली स्थापन झाली. जवळच मिळणारा बांबू, कोळसा व वर्धा नदीचे पाणी ही तिच्या उभारणीला अनुकूल अशी साधने होती. हेक्शर-ओहलिन यांच्या विचाराचे हे जिवंत उदाहरण म्हणता येईल. परंतु घटकांची अनुकूलता कायम टिकत नाही. आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेशी, म्हणजे आसियानशी, भारताने २००९ मध्ये केलेला वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यानुसार बहुतेक प्रकारच्या कागदावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत २०१४ मध्ये शून्यावर आले. दिल्लीत झालेला करार बल्लारपूरच्या बाजारपेठेपर्यंत कसा येतो, याचा शोध विद्यार्थ्याला घेता येईल.

बांबूच्या काड्यांचा प्रश्नही असाच आहे. अगरबत्तीच्या काड्या चीन व व्हिएतनाममधून मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या, तेव्हा बांबूसंपन्न प्रदेशातील हातांना काम कमी पडू लागले. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये अगरबत्तीची आयात निर्बंधित केली आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरील शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. गडचिरोलीत वनविभागाच्या पुढाकाराने अगरबत्ती निर्मितीची केंद्रेही उभी राहिली. संरक्षण मिळालेल्या उद्योगाने त्या अवधीत यंत्रे, कौशल्य व दर्जा सुधारला, तरच ते संरक्षण सार्थ ठरते. नपेक्षा त्याचा भार ग्राहकावर पडत राहतो. रानडे यांनाही अभिप्रेत असलेल्या शिशुउद्योगाच्या संरक्षणाची कसोटी हीच आहे.

सागवानाचे उदाहरण आणखी विचार करावयास लावणारे आहे. आलापल्लीचे सागवान देशभर नावाजलेले असले, तरी भारत हा सागवानाचा जगातील मोठा आयातदार आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वने ही प्रथम पर्यावरणाच्या रक्षणासाठी आहेत, महसुलासाठी नव्हेत, अशी भूमिका स्वीकारली. देशातील तोड मर्यादित झाली आणि लाकूड बाहेरून येऊ लागले. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात थांबविल्यावर खरेदीदार आफ्रिका व लॅटिन अमेरिकेकडे वळले. एका देशाने वन राखले म्हणजे दुसऱ्या देशातील वनावरील कुऱ्हाड वाढते काय, हा प्रश्न व्यापार आणि पर्यावरण यांच्या सीमेवरील आहे.

लोहखनिज : किंमत आणि मोल

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांमध्ये उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. केंद्र सरकारने २२ मे २०२२ रोजी लोहखनिजावरील निर्यात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत वाढविले आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ही वाढ मागे घेतली. एखाद्या खाणीतील दगड परदेशी गेला नाही, तरीही अशा शुल्काचा परिणाम तिच्यावर होतो. कारण निर्यात अडली की देशांतर्गत बाजारात माल वाढतो व भाव उतरतो. खाणीला तोटा आणि पोलाद कारखान्याला लाभ होतो. कच्चे खनिज विकावे की चामोर्शी तालुक्यातील कोनसरीसारख्या ठिकाणी त्यावर प्रक्रिया करावी, हा मूल्यवृद्धीचा प्रश्न येथूनच निघतो.

मात्र येथे हिशेब पुरा होत नाही. तोडलेले जंगल, गढूळ झालेला नाला, अवजड वाहनांनी खचलेला रस्ता आणि ग्रामस्थांनी नोंदविलेले आक्षेप यांची नोंद खनिजाच्या बाजारभावात नसते. बाजारभावात न उतरणाऱ्या या खर्चाला बाह्य परिणाम म्हणतात. तो जमेस धरला नाही, तर जो व्यापार लाभाचा दिसतो तो प्रत्यक्षात तोट्याचाही असू शकतो. रोजगार आणि वन यांपैकी एकाचीच बाजू घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा हिशेब काटेकोरपणे मांडण्याची शिस्त हा विषय शिकवितो.

तेंदूपान : व्यापारशर्ती कोण ठरवितो?

आता पुन्हा फळीकडे वळू. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. त्यापूर्वी विखुरलेल्या संग्राहकांसमोर मोजके व्यापारी असत. विकणारे अनेक व घेणारे थोडके असले की भाव घेणाराच ठरवितो, हे क्रेताधिकाराचे तत्त्व आहे. पुढे १९९६ चा अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा पेसा कायदा, २००६ चा वनाधिकार कायदा आणि २०१४ चे राज्याचे पेसा नियम यांमुळे गौण वनोपजावरील ग्रामसभांचा अधिकार स्पष्ट झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. पान तेच, झाड तेच; बदलला तो सौदा करणाऱ्याचा अधिकार. रिकार्डोच्या उदाहरणातील दर १.९ वरून दीडवर आणण्याचे सामर्थ्य या बदलात आहे.

तरीही ग्रामसभेच्या हाती सर्व काही नसते. १ जुलै २०१७ पासून तेंदूपानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला; सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणण्यात आला. श्रीलंकेत भारतीय तेंदूपानाला मागणी आहे, परंतु तेथील आयात कर जबर आहे. परिणामी तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे चोरट्या पद्धतीने जाणारी पाने वारंवार पकडली जातात. जकात एका मर्यादेपलीकडे गेली की महसूल वाढण्याऐवजी चोरटा व्यापार वाढतो, या पाठ्यपुस्तकातील विधानाचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय. शिवाय तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराला भारताने २००४ मध्येच मान्यता दिली आहे. आरोग्याच्या दृष्टीने विडीची मागणी घटणे इष्टच आहे. परंतु उन्हाळ्यातील या रोख उत्पन्नावर ज्यांचे खरिपाचे बियाणे आणि मुलांचे शालेय साहित्य अवलंबून असते, त्यांच्यासाठी पर्यायी वनोपजाचा विचार आतापासून व्हावयास हवा. तो विचार करण्यासाठी बाजारपेठेचे शास्त्र जाणणारी माणसे याच प्रदेशातून तयार व्हावी लागतील.

अभ्यास कसा करावा

या विषयाच्या अभ्यासाची तीन अंगे आहेत. पहिले अंग सिद्धांताचे. त्यासाठी आलेख, बीजगणित आणि प्राथमिक कलनगणित यांची भीती घालविणे आवश्यक आहे. वरील टोपल्यांचे उदाहरण स्वतःच्या गावातील दोन वस्तू घेऊन नव्याने मांडून पाहिल्यास सिद्धांत पक्का होतो. दुसरे अंग आकडेवारीचे. केंद्रीय वाणिज्य मंत्रालय वस्तूंच्या क्रमांकानुसार आयात-निर्यातीचे आकडे प्रसिद्ध करते. तांदूळ १००६, बांबू १४०१, लोहखनिज २६०१ आणि कापूस ५२०१ हे क्रमांक माहीत असले, की कोणता माल कोणत्या देशात व किती गेला हे पाहता येते. तिसरे अंग कायदा व संस्था यांचे. १९४७ चा जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करार, १९९५ मध्ये स्थापन झालेली जागतिक व्यापार संघटना, प्रादेशिक करार आणि देशाचे विदेश व्यापार धोरण यांचे मूळ मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. नागपूर येथे विदेश व्यापार महासंचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय आहे. निर्यातीची कार्यपद्धती समजून घेण्यास महाविद्यालयीन अभ्याससहलीसाठी ते उपयुक्त ठरू शकेल.

यातील बरेचसे साहित्य इंग्रजीत आहे ही अडचण खरी आहे. परंतु विषय आधी मराठीतून समजून घेतला आणि पारिभाषिक शब्दांची जोडवही ठेवली, तर इंग्रजी ग्रंथ परके वाटत नाहीत. गोंडी, माडिया किंवा तेलुगू घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तर गावातील बाजाराची माहिती मिळविण्याचा एक जास्तीचा मार्ग उपलब्ध असतो. फळीवर बसून मिळणारी माहिती कोणत्याही प्रकाशित तक्त्यात आढळत नाही.

या अभ्यासातून अध्यापन, संशोधन, बँकिंग, निर्यात व्यवस्थापन व प्रशासकीय सेवा अशी क्षेत्रे खुली होतात. त्याहूनही निकडीची गरज गावात आहे. लिलावाच्या अटी वाचणारा, करातील बदलाचा गोणीच्या दरावर होणारा परिणाम सांगणारा आणि मागील पाच वर्षांचे भाव ग्रामसभेपुढे मांडणारा पदवीधर प्रत्येक गावसमूहाला हवा आहे. फळीवर पुडे मोजणाऱ्या आईबापांच्या मुलामुलींनी हा विषय मनापासून आत्मसात केला, तर लिलावाच्या दिवशी व्यापाऱ्यासमोर बसलेल्या ग्रामसभेला आपल्या पानाचे मोल दुसऱ्याकडून ऐकून घ्यावे लागणार नाही.